कारण माहीत नसलेली खेळी

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बुद्धिबळाच्या त्या डावात काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचावातला नायडॉर्फ हा प्रकार खेळलीस, सहाव्या खेळीला समोरच्यानं एच३ केलं, म्हणजे एच-पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सारलं, ते तुझ्या पाठ केलेल्या खेळ्यांच्या फाइलमध्ये नव्हतं आणि तिथून डाव हातातून गेला. आता विचारतेस, नवा कोर्स घेऊ की सिसिलियनच सोडू? दोन्ही नको.

आधी सांग, पाचव्या खेळीला ए६ का केलंस? ‘लाइनमध्ये आहे’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही. ए६ न करता थेट ई५ केलं असतंस, तर पांढऱ्याचा उंट बी५ वर येऊन शह देतो आणि तुझी पांढरी घरं उघडी पडतात. ए६ मुळे बी५ हे घर उंटालाही बंद आणि घोड्यालाही. म्हणून मग ई५ बिनघोर करता येतं. एवढं मनात पक्कं असतं, तर एच३ ला घाबरली नसतीस. एच३ कशासाठी? जी४ साठी. जी४, मग जी५ आलं की तुझा एफ६ वरचा घोडा हाकलला जातो आणि डी५ वरचा तुझा पहारा सुटतो. हे दिसलं की ई५ करून डी४ वरचा घोडा हलवायचा आणि जी४ अडवायला एच५ ढकलायचं, हे तुझं तुलाच सुचलं असतं. मोठे खेळाडूही हेच खेळतात. फाइल कशाला लागते याला?

कारण सांगता येत नसेल ती खेळी पाठ करू नकोस. हे मी शंभरदा सांगितलंय, पुन्हा सांगतो.

पाठांतराला माझा विरोध नाही. घड्याळ चालू असताना पाठ असलेल्या दहा खेळ्या वेळ वाचवतात, हे मलाही कळतं. पण २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत काय झालं ते बघ. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांच्या तयारीत जगज्जेत्या कास्पारोवचा हात धरणारा कुणी नव्हता. आव्हानवीर क्रामनिकनं काळ्या मोहऱ्यांनी त्याच्यासमोर बर्लिन बचाव मांडला. आठव्या खेळीलाच वजीर पटावरून गेले, काळ्याचा राजा डी८ वर अडकला, राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेणारं कॅसलिंग गेलं, सी-पट्टीत प्यादी दुहेरी झाली. वरवर पाहता काळ्याचं सगळंच वाईट. पण हल्ला करायला वजीर नाही, काळ्याकडे दोन्ही उंट आहेत, आणि कास्पारोवला आवडणारा धुमश्चक्रीचा डाव होतच नाही, हे क्रामनिकनं ओळखलं होतं. पंधरा डावांत कास्पारोवला एकही डाव जिंकता आला नाही आणि जगज्जेतेपद गेलं. ओपनिंगचा अभ्यास म्हणतात तो हा. कुठल्या प्रकारचा डाव आपल्याला पेलतो आणि समोरच्याला नाही, हे शोधणं. ते कुठल्याही फाइलमध्ये आयतं मिळत नाही.

तुझ्या बाबांची नाराजी माझ्या कानावर आली आहे. ‘सर ओपनिंगच शिकवत नाहीत.’ याच कारणानं काही पालकांनी मुलं दुसरीकडे घातली. त्यातला एक मुलगा फार गुणी होता. वीस-वीस खेळ्या धडाधड खेळायचा आणि एकविसाव्या खेळीला माझ्याकडे बघायचा. पुढे त्यानं खेळच सोडला. मला ते अजून लागतं. तरी त्याला हवी होती तशी फाइल मी आजही कुणाला देणार नाही. हट्टी म्हणा हवं तर. सोळाव्या वर्षी रेटिंग थोडं कमी असलं तरी चालेल, पण पटासमोर बसून स्वतःच्या डोक्यानं एक खेळी शोधता आली पाहिजे. ते आलं नाही, तर पुढे मी काय किंवा दुसरा कुणी काय, कुणीच शिकवू शकणार नाही.

आणि हरलीस म्हणून सिसिलियन सोडायचं हे डोक्यातून काढ. तू आक्रमक खेळतेस, तुला तो शोभतो.

शनिवारी येताना त्या डावाच्या खेळ्या लिहिलेली स्कोअरशीट आण. संगणकाचं इंजिन लावलेलं मला चालणार नाही, लावलंस तर लगेच कळेल. तुझ्या प्रत्येक खेळीसमोर ती का केलीस ते तुझ्या शब्दांत लिही. सुचणार नाही तिथे कोरं सोड. कोऱ्या जागांपासूनच सुरू करू.