लोहयुक्त सुपरकंडक्टर: नवीन मुलांसाठी

पुण्यात पाषाणला लोहयुक्त सुपरकंडक्टरवर (पुरेसं थंड केल्यावर विद्युतरोध शून्य होणारे पदार्थ) प्रोजेक्ट सुरू करतोयस ना? मग बीसीएस या जुन्या सिद्धांतातली फोनॉनची (स्फटिकाच्या कंपनांनी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमवणारी) जोडणी कितीही पाठ असली, तरी इथे तिच्यावर विसंबू नकोस. २००८ मध्ये जपानच्या हिदेओ होसोनोंच्या गटाला फ्लोरिन मिसळलेल्या लँथॅनम-लोह-आर्सेनिक ऑक्साइडमध्ये २६ केल्विनपर्यंत सुपरकंडक्टिव्हिटी मिळाली. नुसत्या फोनॉनवर तेवढं निघत नाही. बहुतेकांचा कौल स्पिनच्या (इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणाच्या) चढउतारांना. हे बळ प्रतिकर्षी, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या संवेगाच्या नकाशात मधल्या होल-पॉकेटवर (धन वाहकांच्या कप्प्यावर) गॅपचं (जोडी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेचं) चिन्ह अधिक, तर कोपऱ्यातल्या इलेक्ट्रॉन-पॉकेटवर उणे, तेव्हाच जोड्या जमतात. आर्पेसचे (प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजायचं तंत्र) आलेख बघून हुरळू नकोस, त्यात गॅपचा आकार दिसतो, चिन्ह नाही. चिन्हासाठी न्यूट्रॉन विकिरणातला (स्कॅटरिंग) रेझोनन्स, म्हणजे ठराविक ऊर्जेला उठणारं शिखर, आधी बघ (माझ्या मते तोही निर्णायक नव्हे). आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटवरचा आयर्न सेलेनाइडचा एकपदरी थर? तिथे फर्मी पातळीवर (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात त्या ऊर्जेवर) होल-पॉकेटच नाही, तरी जोड्या जमतात. गाईडना पहिला प्रश्न त्यावरच टाक.