ओपीडीत वीस मिनिटांत काय करावं? मशीनच्या आधी बरंच काही

तुम्ही लिहिलंय की हॉस्पिटलच्या फिजिओ ओपीडीत नुकत्याच रुजू झाला आहात, प्रत्येक पेशंटला जेमतेम वीस मिनिटं मिळतात, बाहेर रांग असते आणि आत आलेला प्रत्येकजण आधी 'मशीन लावा' म्हणतो. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या भेटीत मशीन बाजूला राहिलं तरी चालेल, विचारपूस आणि तपासणी मात्र राहता कामा नये. आयएफटी (दुखऱ्या भागाला सौम्य विद्युतप्रवाह देणारं मशीन) किंवा शेक यांनी काही वेळ बरं वाटतं. पण वीसातली पंधरा मिनिटं त्यातच गेली, तर त्या माणसाला नेमकं काय झालंय हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही.

केसपेपरवर 'कंबरदुखी, फिजिओ द्या' एवढंच लिहिलेलं असतं. ऑर्थोकडून, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांकडून, आलाय म्हणजे सगळं तपासून झालंय असं गृहीत धरू नका. कंबर दुखून पायात कळ जाणाऱ्या प्रत्येकाला लघवी-संडासबद्दल विचारा, आणि तेही मोघम नको. 'लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागतो का? लघवी झालेली कळते का? धुताना-पुसताना त्या जागेला स्पर्श जाणवतो का?' असं सरळ विचारायचं. लाजेपोटी लोक हे आपणहून सांगत नाहीत, आणि त्याचा कंबरेशी संबंध असेल हे त्यांच्या डोक्यातही येत नाही. यातलं काही नव्याने सुरू झालं असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी इमर्जन्सीला पाठवा. कॉडा इक्विना सिंड्रोममध्ये, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा जुडगा दाबला जातो तेव्हा, उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. जुना कॅन्सर, कारण नसताना घटलेलं वजन, ताप, बराच काळ घेतलेली स्टेरॉइड्स हेही विचारून घ्यायचं.

मग हात लावून तपासा. खांद्याचंच घ्या. 'हात वर जात नाही' हे दहाजण सांगतील, पण दहाही जणांचं दुखणं एकच नसतं. कोपर कुशीला टेकवून काटकोनात ठेवा आणि पेशंटला मनगट बाहेरच्या बाजूला न्यायला सांगा. मग हात सैल सोडायला लावून तीच हालचाल तुम्ही करून बघा. तुम्ही नेतानाही खांदा तिथेच अडत असेल, तर फ्रोझन शोल्डरचा (सांध्याभोवतीचं आवरण आखडून खांदा जखडणं) विचार करा, डायबिटीस आहे का विचारा आणि संधिवाताने झिजलेला सांधा नाही ना, हे एक्स-रेवर बघून घ्या. तुम्ही नेता तेव्हा पूर्ण जातो, पण त्याच्या स्वतःच्या ताकदीने जात नाही, तर रोटेटर कफकडे, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंकडे, बघायचं. या तपासणीला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि पुढचे कित्येक महिने काय करायचं ते त्यावर ठरतं. फ्रोझन शोल्डर सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पेशंट यायचा बंद होतो.

एमआरआयची पिशवी घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा दुखण्यापेक्षा रिपोर्टला जास्त घाबरलेला असतो. 'मणक्यात गॅप आहे, गादी सरकलीय, आता वाकायचं नाही.' अशा वेळी मी एक आकडा सांगते. पाठदुखी अजिबात नसलेल्यांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये, म्हणजे याच 'गादी'त, झीज दिसली होती. हे ऐकल्यावर माणूस जरा सैलावतो. मग त्याला तिथेच, माझ्यासमोर, थोडं वाकायला लावते. 'रिपोर्टमध्ये काही नाही' असं मात्र कधीही म्हणू नका. त्याचं दुखणं खरंच असतं.

व्यायाम दोन द्या, फार तर तीन. आठ व्यायामांचा छापील कागद घरी गेला की घडी करून ठेवला जातो. दाखवून झालं की 'आता तुम्ही मला करून दाखवा' म्हणा, आणि त्याच्याच मोबाईलवर व्हिडिओ काढून द्या. किती दुखलं तर चालेल हेही सांगून ठेवा, कारण पहिल्या दिवशी थोडं दुखलं की बरेचजण घाबरून सगळंच सोडून देतात.

'मशीन लावा'चा आग्रह धरणाऱ्याशी वाद घालू नका. आज तपासलं, व्यायाम शिकवला, पुढच्या वेळी गरज वाटली तर लावू, असं शांतपणे सांगितलं की बहुतेकजण ऐकतात. आणि केसपेपरवर मोजमाप लिहा: खांदा किती अंशांत फिरला, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता आलं. नुसतं 'बरं वाटतंय' लिहिलंत, तर सहा आठवड्यांनी सुधारणा नसलेला पेशंट ऑर्थोकडे परत पाठवताना तुमच्या हातात दाखवायला काहीच नसतं.