'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' कुणाला प्रचंड आवडते, कुणाला राग येतो, असं का?
कारण आर्थर गोल्डनने ही गेशाची, म्हणजे नाच-गाण्याने पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या जपानी कलावंतिणीची गोष्ट इतकी जिवंत लिहिलीय की कादंबरी आहे हेच विसरायला होतं, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. क्योटोचं गियोन म्हणजे गेशांची वस्ती, किमोनो, नायिका सायुरीचा हात्सुमोमो या मोठ्या गेशाने केलेला तो छळ, सगळं डोळ्यासमोर उभं राहतं, त्यामुळे पुस्तक हातातून सुटत नाही. पण ज्यांच्याशी बोलून ती लिहिली त्या माजी गेशा मिनेको इवासाकी २००१ मध्ये कोर्टात गेल्या, नाव गुप्त ठेवायचं ठरलेलं असताना आभारात छापलं म्हणून, शिवाय कादंबरीतला कौमार्याचा लिलाव वगैरे आपल्या बाबतीत झालाच नाही असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचंच पटतं. आणि सायुरीने आयुष्यभर लहानपणी भेटलेल्या त्या चेअरमन नावाच्या उद्योजकासाठीच झुरत राहणं मला तर अजिबात झेपलं नाही. वाचा जरूर, पण लगेच इवासाकींचं आत्मचरित्रही घ्या, नाचामागची मेहनत त्यात खरी कळते.