टर्बो निवडण्यापूर्वी हवेचे गणित

प्रश्न : माझ्या २ लिटरच्या चार सिलिंडरांच्या, मुळात टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला १ बार बूस्टचा (म्हणजे वातावरणाच्या दाबापेक्षा १ बार जास्त दाबाने इंजिनात हवा भरणारा) टर्बोचार्जर बसवायचा आहे. मोठ्यात मोठा टर्बो घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. मोठ्या टर्बाइनला (टर्बोतले एक्झॉस्टवर फिरणारे चाक) वेग घेण्यासाठी जास्त एक्झॉस्ट वायू लागतो, त्यामुळे कमी आरपीएमवर बूस्ट उशिरा येतो आणि गाडी चालवण्यातली मजाच जाते. निवड इंजिनाला लागणाऱ्या हवेवरून करावी. १ बार बूस्ट म्हणजे वातावरणाचा दाब धरून दाबाचे गुणोत्तर सुमारे २; ते आणि हवेचा प्रवाह कंप्रेसर मॅपवर (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची, म्हणजे कंप्रेसरची, कार्यक्षमता दाखवणारा आलेख) मांडल्यावर येणारे बिंदू सर्ज रेषेच्या (जिच्या डावीकडे कंप्रेसरमधला प्रवाह अस्थिर होतो) उजवीकडे, चांगल्या कार्यक्षमतेच्या पट्ट्यात पडले पाहिजेत. कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असली, तरी २७ अंश सेल्सिअसची हवा या दाबाला सुमारे १२० अंशांवर पोहोचते. म्हणून ही तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर लागतोच, आणि तो लावूनही नॉकिंगची (सिलिंडरमधले मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याची) शक्यता उरतेच. त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) बदलणे, इंजेक्टर, इंधनपंप आणि ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग यांचा खर्च (जो बहुतेक जण विसरतात) आधीच धरावा. टर्बोतून तेल परत नेणारी नळी रुंद आणि सतत उतरती ठेवावी, अन्यथा तेल तुंबून सीलमधून झिरपते आणि एक्झॉस्टमधून निळसर धूर येतो.