डिस्चार्ज बुकातील एक ओळ

शिरोळ तालुक्यातील एका माजी सैनिकाने पत्र पाठवले आहे. जानेवारी 1988 मध्ये ते पायदळात भरती झाले. नोकरीच्या सातव्या वर्षी त्यांना आकडी येऊ लागली, लष्करी रुग्णालयात दोनदा राहावे लागले आणि फेब्रुवारी 1997 मध्ये ते घरी परतले. पेन्शन मिळाली नाही, ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम तेवढी हाती आली. रुग्णालयाचे कागद ट्रंकेत होते आणि ती ट्रंक ऑगस्ट 2019 च्या महापुरात बुडाली. अलीकडे त्यांनी सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसात फोन केला, तेव्हा जुनी फाइल नष्ट झाल्याचे सांगण्यात आले. मेडिकलचा एकही कागद नसताना अपंगत्वाच्या पेन्शनचा दावा कशाच्या जोरावर करावा, असे त्यांनी विचारले आहे. गावे आणि आजार वेगळे असले, तरी हाच प्रश्न मला गडहिंग्लज, चंदगड आणि कागलहूनही येत असतो.

आपल्या पत्राला जोडलेली छायाचित्रे मी नीट पाहिली. डिस्चार्ज बुकाची, म्हणजे नोकरीतून सोडताना सैनिकाला मिळणाऱ्या पुस्तकाची, पाने पाण्याने फुगली आहेत, शाई पसरली आहे, तरी पुस्तक बचावले आहे ही मोठी गोष्ट आहे. मात्र ज्या एका ओळीवर आपल्या दाव्याचे भवितव्य अवलंबून आहे, नेमक्या त्या ओळीवर छायाचित्र घेताना आपला अंगठा आला आहे. डिस्चार्जचे कारण लिहिण्याचा तो रकाना आहे. आपण मला आजाराविषयी चार पाने लिहिली आहेत आणि त्या रकान्याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही.

त्या रकान्यात बहुधा सेना नियम, 1954 मधील नियम 13(3) चा उल्लेख असेल. त्यापुढे रोमन अंकातील तीन, म्हणजे तीन उभ्या रेघा असतील आणि त्यानंतर कंसात आणखी एक लहान रोमन आकडा असेल. सारा निकाल कंसातील त्या आकड्यावर आहे. तो तीन असेल, तर पुढील सेवेस वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरल्यामुळे आपल्याला सोडण्यात आले, असा त्याचा अर्थ होतो. तो चार असेल, तर आपण स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडली, असा होतो. पसरलेल्या शाईत रोमन तीन आणि चार यांत फारसा फरक दिसत नाही, कायद्यात मात्र तो फार मोठा आहे.

आकडा तीन निघाला, तर मेडिकल बोर्डाचे कागद नसल्याची चिंता निम्म्याहून अधिक कमी होते. त्या कलमाखाली सैनिकाला सोडायचे, तर ते इनव्हॅलिडिंग बोर्डाच्या, म्हणजे सैनिकाला अपात्र ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाच्या, शिफारशीवरूनच सोडावे लागते, अशी अट त्याच नियमात आहे. म्हणजे बोर्ड बसले होते आणि त्याने आपल्याला अपात्र ठरवले होते, ही गोष्ट बोर्डाच्या कागदांवाचूनही सिद्ध होते, कारण सरकारने स्वतःच ती आपल्या पुस्तकात लिहून दिली आहे.

कंसात पाच असेल, तर ‘इतर सर्व कारणे’ असा त्याचा अर्थ होतो. मेडिकल कॅटेगरी खालावलेल्या अनेक जवानांना त्या काळात या कलमाखाली बोर्ड न बसवताच घरी पाठवले जात असे. असे करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये राजपाल सिंग प्रकरणात म्हटले आहे, त्यामुळे तीही वाट मोकळी आहे. चार असेल तर वाट अरुंद आहे आणि त्या बाबतीत कागद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

रकाना वाचताच येत नसेल, तर त्यावरही उपाय आहे. सैनिकाची फाइल नष्ट केली जाते, पण लाँग रोल नावाची नोंदवही रेकॉर्ड ऑफिसात जपून ठेवली जाते. भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि डिस्चार्जचे कारण तीत असते. फोनवर ‘फाइल नष्ट झाली’ असे सांगणाऱ्याने आपल्याशी खोटे बोललेले नाही; आपण लाँग रोलविषयी विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही.

आता थोडे कडू बोलतो. पेन्शन न मिळालेल्या सैनिकाची फाइल रेकॉर्ड ऑफिसात 25 वर्षे ठेवतात. आपला डिस्चार्ज फेब्रुवारी 1997 चा आहे, म्हणजे ती मुदत फेब्रुवारी 2022 मध्ये संपली. ऑगस्ट 2019 मध्ये आपली ट्रंक पाण्यात गेली, तेव्हा त्याच कागदांची दुसरी प्रत सरकारच्या कपाटात कोरडी पडून होती आणि तिच्या आयुष्याची अडीच वर्षे शिल्लक होती. माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचा एक अर्ज तेव्हा केला असता, तर आज मला हे उत्तर लिहावे लागले नसते. आपण पुराच्या पंचनाम्यात भांडी, धान्य आणि म्हशीचा गोठा लिहवून घेतला, असे आपल्याच पत्रात आहे. ट्रंकेतील कागद मात्र लिहवून घेतले नाहीत.

या दिरंगाईचा कायदेशीर परिणामही आहे. सरकारने कागद दडवले, म्हणून न्यायालयाने सरकारविरुद्ध अनुमान काढावे, असा युक्तिवाद अशा दाव्यांत हमखास केला जातो. ठरलेली मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेली फाइल ही दडवलेली फाइल नव्हे. दावेदार इतकी वर्षे स्वस्थ बसला आणि दरम्यान कागद गेले, एवढ्यावरून दावे फेटाळलेही गेले आहेत. म्हणून त्या युक्तिवादावर आपण विसंबू नये.

विसंबावे ते नियमातील गृहीतकावर. आपल्या डिस्चार्जच्या वेळी 1982 चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अशा पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, लागू होते. मोबाइलवर सध्या फिरणारे 2023 चे नियम 21 सप्टेंबर 2023 नंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी आहेत, आपला त्यांच्याशी संबंध नाही. 1982 च्या नियमांप्रमाणे, भरतीच्या वेळी नोंदवलेले दोष सोडून, सैनिक भरती झाला तेव्हा धडधाकट होता, म्हणून पुढे प्रकृती बिघडली ती नोकरीमुळेच, असे मानले जाते. त्याने स्वतःचा हक्क सिद्ध करून दाखवावा, असे त्याला सांगता येत नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळतो. हा आजार भरतीच्या तपासणीत कळण्याजोगा नव्हता, असे सरकारला म्हणायचे असेल, तर तसे वैद्यकीय मत आणि त्याची कारणे सरकारलाच दाखवावी लागतात.

धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2013 रोजी नेमके हेच सांगितले. त्यांनाही आकडीचाच आजार होता आणि त्यांनाही सुमारे 9 वर्षांच्या नोकरीनंतर घरी पाठवण्यात आले होते. आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे बळावलेलाही नाही, हे ठरावीक वाक्य बोर्डाने कारण न देता लिहिले होते आणि ते न्यायालयाने मान्य केले नाही. आपल्या बाबतीत बोर्डाने काय लिहिले, हे आज कोणालाच दाखवता येणार नसेल, तर कारणे दाखवण्याची अडचण आपल्याइतकीच, किंबहुना आपल्यापेक्षा जास्त, सरकारची आहे.

अपंगत्व किती टक्के होते, हा प्रश्न त्यानंतर येतो, कारण पेन्शनसाठी ते निदान 20 टक्के असावे लागते. आजारामुळे घरी पाठवले, याचाच अर्थ अपंगत्व 20 टक्क्यांहून अधिक होते, असे 2014 मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात म्हटले आहे. तरीही सरकारी वकील हा मुद्दा काढतीलच. डिस्चार्जनंतर आर्मी ग्रुप इन्शुरन्सकडून आपल्याला काही रक्कम आली होती का, हे आठवून पाहावे आणि बँकेचे जुने पासबुक काढावे. ती रक्कम टक्केवारीवर ठरते, त्यामुळे तिच्या पत्रात किंवा आकड्यात आपली टक्केवारी सापडण्याचा संभव आहे. ती 20 ते 49 यांच्या दरम्यान ठरली, तर 1 जानेवारी 1996 नंतर आजारामुळे घरी पाठवलेल्या सैनिकाच्या बाबतीत ती 50 धरली जाते. आजच्या प्रकृतीची तपासणी करण्यासाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरण, जिथे हा दावा चालेल, नवे बोर्ड बसवण्याचा आदेशही देऊ शकते. तसे झाले, तर 1997 पासून आकडीच्या गोळ्या चालू असल्याचे कागद लागतील. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचे केसपेपर असोत की गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, जे सापडेल ते जपावे. आपल्या पलटणीतील जे सोबती आजूबाजूच्या गावांत आहेत, त्यांची शपथपत्रे उपयोगी पडतील, मात्र ‘यांची प्रकृती उत्तम होती’ असल्या मोघम वाक्यांची नकोत. पहिली आकडी कुठे आली, त्या वेळी कोण हजर होते आणि कोणत्या रुग्णालयात नेले, एवढे त्यात असावे.

मुदतीविषयी अनेकांचा समज आहे की इतक्या वर्षांनी दावा बुडाला. तो बुडत नाही. पेन्शन न देणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानला जातो, असे तरसेम सिंग प्रकरणात 2008 मध्ये ठरले आहे. त्याच निकालात थकबाकी मात्र अर्ज दाखल केल्याच्या तारखेच्या मागे तीनच वर्षांची मिळते, असे म्हटले आहे. म्हणजे 1997 पासूनची रक्कम गेली ती गेलीच, आणि आता आपण जितके महिने विचार करण्यात घालवाल, तितक्या महिन्यांची रक्कम दुसऱ्या टोकाने गळत राहील. आपण पत्रात ‘दिवाळीनंतर मुलगा सुटीवर आला की बघू’ असे लिहिले आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

याच आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसला आणि दुसरा प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाला पाठवावा. 1997 साली पेन्शनचे दावे मंजुरीसाठी तिकडेच जात असत, त्यामुळे तेथे प्रत असण्याची शक्यता थोडी असली तरी आहे. रेकॉर्ड ऑफिसकडे लाँग रोलचा उतारा मागावा, आणि फाइल केव्हा व कोणत्या आदेशाने नष्ट केली, त्याचा दाखला मागावा. फोनवरच्या उत्तराला काडीची किंमत नाही, लेखी उत्तर 30 दिवसांत देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याच वेळी, या उत्तरांची वाट न पाहता, पेन्शनच्या मागणीचा सविस्तर अर्ज रेकॉर्ड ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज पाठवला तरी चालेल, पण एक प्रत थेट जाऊ द्यावी. 1997 किंवा 1998 मध्ये दावा फेटाळल्याचे पत्र आले होते की नाही, हे आपण लिहिलेले नाही. आले असेल, तर हा अर्ज अपील म्हणून, विलंब माफ करण्याच्या विनंतीसह लिहावा लागेल.

सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर न्यायाधिकरणाचे दार उघडते आणि तेथून पुढच्या सहा महिन्यांत अर्ज दाखल करायचा असतो. फेटाळल्याचा निर्णय आला, तर त्या तारखेपासून सहा महिने मोजावेत. विलंब माफ होऊ शकतो, पण तो होईलच असे मी आपल्याला सांगणार नाही. ऑगस्ट 2025 पासून सीपीआरसमोर उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे, मग मुंबईला कशाला जायचे, असे आता प्रत्येक जण विचारतो. अशा दाव्यांत पहिली पायरी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचीच आहे. त्याच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. निकालाला किती काळ लागेल, याचा अंदाज मी देत नाही. पूर्वी देत असे, आणि दरवेळी तोंडघशी पडलो.

ग्रॅच्युइटीची जी रक्कम आपण घेतली, ती पेन्शन मंजूर झाल्यास थकबाकीतून वळती होण्याची शक्यता आहे, तेव्हा हिशेबात ती धरून चालावे.

डिस्चार्ज बुक उन्हात वाळवू नये, चिकटलेली पाने सुरीने सोडवू नयेत आणि मूळ पुस्तक कोणाही एजंटाच्या हाती देऊ नये. दिवसाउजेडी खिडकीजवळ ते पान उघडून ठेवावे, चारही कोपरे दिसतील असे छायाचित्र घ्यावे, अंगठा बाजूला ठेवावा, आणि तेवढे एक छायाचित्र मला उलट टपाली पाठवावे.