नाही म्हणणाऱ्याचं कारण वहीत लिही

अरे, तुझा व्हॉइस मेसेज रात्री साडेअकराला आला तेव्हा मी जागीच होते. सात मिनिटं बोललायस आणि शेवटी विचारतोस की ताई, बैठकीत झालेला निर्णय चांगला की वाईट हे ठरवायचं कसं. तू पाण्याच्या बैठका घेतल्यास त्या दोन्ही गावांच्या प्रोसिडिंगचे, म्हणजे बैठकीच्या नोंदवहीतल्या पानांचे फोटो पाठवलेस ते बरं केलंस, तुझ्या सात मिनिटांपेक्षा मला त्या दोन पानांतून जास्त कळलं.

पहिलं गाव. १४० लोक, त्यात ६० बायका, सव्वा तासात बैठक आटोपली, उन्हाळी पिकाला तलावाचं पाणी घ्यायचं नाही असा ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. बैठकीला मार्क देणाऱ्या तुमच्या संस्थेच्या फॉर्मवर ९२ मार्क. दुसरं गाव. साडेतीन तास, दोनदा आरडाओरडा, एक जण तणतणत उठून गेला आणि अर्ध्या तासाने परत येऊन बसला, निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलला. ४१ मार्क. तुझे साहेब म्हणाले दुसऱ्या गावात तू कमी पडलास, आणि तू ते मान्य करून रात्रभर डोक्याला हात लावून बसलायस. मला राग आलाय तो साहेबांचा नाही, तुझा आलाय. कारण दुसऱ्या गावाच्या पानावर खालून चौथी ओळ तुझ्याच अक्षरात आहे. शेवटच्या चारीवरचे, म्हणजे शेताला पाणी नेणाऱ्या शेवटच्या पाटावरचे शेतकरी म्हणतात चार वर्षांत आमच्या चारीला पाणी पोचलेलं नाही, आधी चारी दुरुस्त करा मग बंदीचं बोला. ही ओळ तू लिहिलीस. कोणी सांगितलं नसताना लिहिलीस. आणि आता मला विचारतोस निर्णय चांगला कसा ओळखायचा!

मी पान उघडते तेव्हा एकच गोष्ट शोधते. नाही म्हणणाऱ्याचं कारण वहीत आहे का? ठराव काय झाला ते नंतर वाचते, हात किती वर गेले ते तर वाचतच नाही. कारण असेल तर त्या बैठकीत खरंच काहीतरी ठरलंय किंवा ठरायच्या वाटेवर आहे. नसेल तर लोक एकत्र बसले आणि उठले, एवढंच.

तुला वाटेल ताईचं हे एकच पालुपद आहे. आहेच. आणि ते कुठून आलं हे मी तुमच्या ट्रेनिंगमध्ये कधी सांगितलं नाही, आज सांगते.

२००९ चा ऑक्टोबर. त्या वर्षी देशभरच पावसाने दगा दिला होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या हद्दीवरचं एक गाव, गावाला पाझर तलाव, आणि प्रश्न असा की तलावावर मोटारी टाकून कांद्याला पाणी उचलू द्यायचं की नाही. मारुतीच्या देवळात बैठक, मी फॅसिलिटेटर, म्हणजे बैठक चालवणारी, आठ वर्षांचा अनुभव पाठीशी, सगळे ओळखायचे. डिसेंबर अखेरपर्यंत उपसा चालू ठेवायचा असं ठरत आलं होतं. खांबाला टेकून एक बाई बसली होती, तलावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे तिथली. ती म्हणाली, तलावातला तो काळा खडक उघडा पडला की आमचा आड पंधरा दिवसांत आटतो. एवढंच म्हणाली. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, मला अजून एका गावाला जायचं होतं, मी म्हणाले ताई तुमचा मुद्दा नंतर घेऊ. आणि लिहिलं सर्वानुमते.

आता बघ, पुढे काय झालं ते. ११ नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं, आमच्याकडेही पाऊस झाला, तलावात पाणी चढलं, मोटारी चालल्या, कांदा निघाला आणि वस्तीचा आडही आटला नाही. सगळे खूश. आमच्या वार्षिक अहवालात त्या बैठकीवर दोन पानं छापून आली, माझा फोटो होता, सहभागी निर्णयप्रक्रियेचं उदाहरण म्हणून. मीही ते खरं मानलं. तीन वर्षं खरं मानलं.

२०१२ ला परत पाऊस गेला. गावाने परत तेच ठरवलं आणि या वेळी बैठकीला मी नव्हते, गरजही नव्हती, लोक म्हणाले २००९ ला उपसा केलाच होता ना, काय झालं? काही नाही झालं. तो खडक डिसेंबरात उघडा पडला. २०१३ च्या उन्हाळ्यात मी त्या वस्तीवर गेले तेव्हा टँकरपुढे हंडे लागले होते, अर्धी जनावरं छावणीत, आणि ती बाई हंडा घेऊन रांगेत. मी तिच्याशी बोलले. तिला ती बैठक आठवत नव्हती, आपण काही बोललो होतो हेही आठवत नव्हतं. मी ग्रामपंचायतीत जाऊन प्रोसिडिंग काढलं. माझंच अक्षर. सर्वानुमते. खडकाचं नाव नाही, आडाचं नाव नाही. जी एक गोष्ट त्या गावाला वाचवू शकली असती ती फक्त माझ्या डोक्यात होती, आणि मी तिथे नव्हते.

तेव्हा मला कळलं की २००९ चा निर्णय वाईट होता. २०१३ ला वाईट ठरला असं नाही, २००९ लाच वाईट होता, त्या संध्याकाळी, देवळातून उठतानाच. फयानने ते झाकलं. म्हणून तुला सांगते, निकाल बघून निर्णयाला मार्क देऊ नकोस. पाऊस पडला म्हणून निर्णय शहाणा होत नाही आणि नाही पडला म्हणून मूर्ख होत नाही. त्या दिवशी गावात जे माहीत होतं ते सगळं सतरंजीवर आलं का, आणि जे पटलं नाही ते लिहिलं गेलं का, एवढंच आपल्या हातात असतं आणि तेवढंच मोजायचं.

याची दुसरी बाजूही मी भोगलीय. २०१३ चाच ऑक्टोबर, मराठवाड्यातलं गाव. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने विहिरी खरवडल्या होत्या. या वेळी मी घाई केली नाही. तीन बैठका घेतल्या. शाळेतल्या पर्जन्यमापकाचे आकडे, अकरा विहिरींत टेप सोडून घेतलेली मापं, आणि देवळाच्या भिंतीवर चुन्याने पाण्याचा ताळेबंद. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, ९०० हेक्टर शिवार, ६०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे ५४० कोटी लिटर. आकडा ऐकून लोक हसले होते, एवढं पाणी मग जातं कुठे. मग वाहून किती जातं, उडून किती जातं, मुरतं किती आणि कांदा-ऊस किती पितो हे त्यांनीच मांडलं. ठरलं असं की कांदा नाही, ऊस नाही, हरभरा आणि शाळू, आणि एक विहीर फक्त पिण्याला. एक म्हातारे बाबा विरोधात होते. म्हणाले, सगळ्यांनी एकदम हरभरा पेरला तर एकदम काढणीला येईल, मजूर मिळणार नाहीत, माल रानात पडून राहील. त्यावर तासभर चर्चा झाली, ओल उडून जाईल म्हणून पेरणी लांबवता येणार नाही असं बहुतेकांचं मत पडलं, बाबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहिलं, आणि त्याखाली ते का मान्य झालं नाही तेही लिहिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये गारपीट झाली, २०१४ ची ती गारपीट अख्ख्या महाराष्ट्राला आठवते. हरभरा उपटून रानात पडलेला होता, मजूर नव्हते, झोडपून चिखल झाला. आमच्या ऑफिसात रिव्ह्यू मिटिंग झाली आणि स्क्रीनवर त्या गावापुढे लाल रंग, निर्णय अयशस्वी. मी उभी राहून म्हणाले की हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला निर्णय आहे, तुम्ही गारांना मार्क देताय. कोणी ऐकलं नाही. पिण्याची विहीर जूनपर्यंत टिकली हे कोणी विचारलंही नाही. पुढच्या रब्बीच्या बैठकीत त्या लोकांनी स्वतः ते पान उघडलं, बाबांचं कारण मोठ्याने वाचलं आणि पेरणी दोन टप्प्यांत करायचं ठरवलं, ते मोजायला तर फॉर्मवर रकानाच नव्हता. मी त्याच वर्षी ती नोकरी सोडली. घरचे म्हणाले एवढ्यावरून कोणी नोकरी सोडतं का. मला आजही वाटतं मी बरोबर केलं. ज्या फॉर्मने २००९ ला मला शाबासकी दिली आणि २०१४ ला लाल रंग दिला त्या फॉर्मवर मी सही करू शकत नव्हते. दोन्ही वेळा तो चुकला होता आणि पहिल्या चुकीचा फायदा मी घेतला होता, हे मला माहीत होतं.

असो. हे सगळं माझं झालं, तुझ्याकडे येते.

तुला पुस्तकी आधार हवा असतो म्हणून सांगते, स्टॅसर आणि टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग छापला. उमेदवार निवडायचा होता, गटातल्या प्रत्येकाला थोडी माहिती सगळ्यांसारखी दिली आणि थोडी फक्त त्याच्याकडेच. सगळी एकत्र केली असती तर योग्य उमेदवार सरळ दिसला असता. पण गट जे सगळ्यांना आधीच माहीत होतं त्यावरच बोलत राहिले आणि बहुतेक गटांनी चुकीचा माणूस निवडला. मी हे वाचलं तेव्हा मला तो काळा खडक आठवला. दीडशे माणसांत ती गोष्ट एकीलाच माहीत होती. मग फॅसिलिटेटर कशाला असतो रे? सगळ्यांना माहीत असलेलं सगळ्यांकडून वदवून घ्यायला? तुझ्या ९२ मार्कांच्या गावात मला तेच दिसतं. कायद्याने ग्रामसभेच्या कोरमला, म्हणजे सभा भरायला, १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं यातलं जे कमी असेल ते पुरतं, तू १४० आणलेस, छान. ६० बायका आल्या. त्यातली एक तरी काय बोलली ते त्या पानावर दाखव मला.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाचं नाव तू ऐकलंयस, तिथे ग्रामसभा बहुमताने ठरवत नाही, सर्वसहमतीने ठरवते, एकाचंही मन वळलं नसेल तर थांबतात, पुन्हा बसतात. अभ्यास गटात बोलून घेतात आणि निर्णय मात्र सभेतच. लोक त्या गावाचं वनहक्काचं, बांबूचं कौतुक करतात, ते खरंच आहे, पण मला तिथलं थांबणं मोठं वाटतं. तुझ्या दुसऱ्या गावाने तेच केलं. थांबले. त्याला तुमच्या फॉर्मवर निर्णय प्रलंबित म्हणतात आणि दहा मार्क कापतात.

आता तू म्हणशील ताई, लोक विरोधात बोलायला घाबरतात, सरपंचासमोर कोण बोलणार, आणि नाव लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर भांडण. बरोबर आहे. मग नाव लिहू नकोस, कारण लिही. खालच्या वस्तीवरचं म्हणणं, एवढं पुरतं. आणि बोलायच्या आधी चिंचोके वाट, मडकं आडोशाला ठेव, प्रत्येकाने एक टाकायचा, पटतंय त्याला या मडक्यात, नाही त्याला त्या. मोजून लिहून ठेव. मग चर्चा. मग परत चिंचोके. आधी ११० आणि ३० होते, नंतरही ११० आणि ३० च राहिले तर समज कोणी कोणाचं ऐकलेलं नाही. आकडा हलला तर विचार, काय ऐकून हलला, आणि ते लिही. महिला सभा आदल्या दिवशी होते ना, तिथे बायका काय म्हणाल्या ते दुसऱ्या दिवशीच्या सभेत वाचून दाखव, तुझ्या तोंडून नको, त्यांच्यातल्याच एकीला वाचायला दे. याला वेळ लागतो. लागू दे. गाडीवाला हॉर्न वाजवेल. वाजवू दे रे बाबा त्याला.

आणि हे सर्वानुमते लिहिणं आधी बंद कर. ज्या पानावर नुसतं सर्वानुमते आहे त्या पानावर मला विश्वास ठेवता येत नाही. एकमत असू शकतं, पण मग काय शंका आल्या आणि त्या कशा मिटल्या हे लिही. शंका आलीच नाही असं कुठलंही गाव मी इतक्या वर्षांत बघितलेलं नाही.

साहेबांशी भांडू नकोस असं मी सांगणार नाही, पण माझ्यासारखी नोकरी सोड असंही सांगणार नाही, तुझ्यावर घर आहे हे मला माहीत आहे. फॉर्म भर. मार्क देतात ते घे. फक्त फॉर्मच्या मागे प्रोसिडिंगच्या पानाची झेरॉक्स जोडत जा, दर वेळी, कोणी मागितली नाही तरी. तीन वर्षांनी कोणीतरी ते पान उघडेल, तू तिथे नसशील.

सोमवारी दुसऱ्या गावात परत बैठक आहे म्हणालास. ती संध्याकाळची आहे, तू सकाळी जा. त्या उठून गेलेल्या माणसाला गाठ, त्याच्याबरोबर शेवटच्या चारीच्या टोकापर्यंत चालत जा, पाणी कुठे अडतं ते डोळ्यांनी बघ, गेट मोडलंय की गाळ साचलाय की वरच्यांनी बांध फोडलाय ते लिहून घे. आणि बैठकीच्या सुरुवातीला आधीच्या पानावरची ती चौथी ओळ त्यालाच वाचायला दे. रात्री कितीही वाजोत, मला पानाचा फोटो पाठव. मार्क नको पाठवूस.