जी ओळ कळली नाही, ती पानात ठेवू नकोस

तुझा मेल काल रात्री दोनदा वाचला. कोडिंग शिकण्यात गेलेले सात महिने, चार कोर्स, नवव्या व्हिडिओवर सोडून दिलेली एक मालिका, ब्राउझरमध्ये कायम उघडे असलेले बावीस टॅब, आणि शेवटी तुझा प्रश्न: आधी एचटीएमएल करू, पायथन करू, की थेट रिअ‍ॅक्टला हात घालू? पण माझी झोप उडाली ती त्याखाली तू जाता जाता लिहिलेल्या वाक्याने. "पोर्टफोलिओचं एक पान आहे, टेम्प्लेटवरून उचललेलं. त्यातलं काही बदलायला गेले की सगळंच विस्कटतं, म्हणून मी हात लावत नाही."

स्वतःच्याच पानाला हात लावायची भीती. ही मला चांगली ओळखीची आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, ते लहानसं आहे. ब्राउझरमध्ये दिसणारं काही बनवायचं असेल तर एचटीएमएल, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. पहिल्याने मजकुराचा सांगाडा उभा राहतो, दुसऱ्याने त्याला रूप येतं, तिसऱ्याने तो हलतो, उत्तर देतो. पायथन उत्तम भाषा आहे, पुढे सर्व्हरकडे वळलीस की कामाला येईल. रिअ‍ॅक्ट म्हणजे जावास्क्रिप्टचीच लायब्ररी, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. ती शिकताना अडलेल्या ज्यांना ज्यांना मी मदत केली, त्यातले बहुतेक जण खरं तर जावास्क्रिप्टमध्येच अडलेले होते. झालं. क्रम कोणता यावर आता आणखी एकही व्हिडिओ बघू नकोस. क्रम ठरवण्यात सात महिने जातात, तेव्हा प्रश्न क्रमाचा राहिलेला नसतो.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी. ज्या ओळीचा अर्थ तुला सांगता येत नाही, ती ओळ तुझ्या पानात ठेवायची नाही.

अर्थ सांगता येणं म्हणजे व्याख्या पाठ असणं असं समजू नकोस. ओळ पुसली तर काय बिघडेल, हे पुसण्याआधी सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर पूस, फाइल सेव्ह कर, पान रिफ्रेश कर आणि बघ. एवढीच पद्धत आहे. हिला कोर्स लागत नाही, साधा एडिटर आणि ब्राउझर पुरतो.

माझं पहिलं पान मी असंच शिकले, फक्त ठरवून नव्हे, अपघाताने. मोठ्या हौसेने मथळ्यात "मराठी" हा शब्द लिहिला आणि ब्राउझरमध्ये उघडला तर तिथे परक्या खुणांची रांग. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, चलनाची चिन्हं, अंशाचं गोल टिंब. कोणी म्हणालं फॉन्ट बदल. फॉन्ट बदलून बदलून दोन दिवस गेले. मग एकदा त्या खुणा मोजल्या. चौदा भरल्या, आणि मध्ये एक रिकामी जागा. म्हणजे पंधरा. "मराठी" या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं साठवली जातात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं, घेतं. पाच त्रिक पंधरा. ब्राउझर प्रत्येक बाइट सुटा धरून एकेक परकं अक्षर दाखवत होता, कारण ही फाइल कशी वाचायची हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, म्हणजे कॅरेक्टर सेट, ब्राउझरला सांगणारी ती एक मेटा ओळ (पानावर न दिसणारी सूचना) वर घातली आणि "मराठी" जिथल्या तिथे उभी राहिली. आजचे ब्राउझर पुष्कळदा अंदाजाने सावरून घेतात, त्यामुळे तुझ्या पिढीला हा गोंधळ सहसा दिसत नाही. पण ती ओळ मी आजही लिहिते, आणि का लिहिते ते मला माहीत आहे.

आता तुझ्या त्या टेम्प्लेटकडे ये. त्यात वरच व्ह्यूपोर्ट नावाची एक मेटा ओळ असणार. ती पूस. लॅपटॉपवर काहीच बदलणार नाही, आणि तुला वाटेल, बिनकामाची होती. आता तेच पान फोनवर उघड. अक्षरं मुंगीएवढी झालेली दिसतील. त्या ओळीशिवाय फोनचा ब्राउझर पान मोठ्या पडद्यासाठीचं समजतो, साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग आवळून दाखवतो. म्हणून पुसून बघताना एकाच पडद्यावर विश्वास ठेवू नकोस. "काही बिघडलं नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "जिथे बिघडलं तिथे मी पाहिलं नाही" एवढाच असतो.

आणि "सगळंच विस्कटतं" याचं कारणही बहुधा साधंच निघेल. पानातल्या एखाद्या डब्याला, म्हणजे चौकोनी भागाला, ३०० पिक्सेल रुंदी दिलीस, दोन्ही बाजूंना २० पिक्सेलचं पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) आणि १ पिक्सेलची बॉर्डर (कडेची रेघ). ब्राउझरच्या मूळ हिशोबाने तो डबा ३४२ चा होतो, कारण पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या बाहेर धरली जातात. ६०० च्या जागेत दोन डबे शेजारी बसवायचे ठरवले असतील, तर ते बसणार कसे? बॉक्स-सायझिंगची ओळ घातली की पॅडिंग आणि बॉर्डर ३०० च्या आत मोजली जातात. टेम्प्लेटमध्ये ही ओळ बहुतेक असतेच. तू ती कधी वाचली नाहीस, एवढंच. एफ१२ दाबून ब्राउझरचं इन्स्पेक्टर उघड, त्या डब्यावर क्लिक कर. आतला मजकूर, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन असे एकात एक चौकोन आकड्यांसकट दिसतील. तिथे एकेका नियमापुढची टिकमार्कची खूण काढून बघ, मूळ फाइलला धक्काही लागत नाही. भीती घालवायला याहून सोपी जागा नाही, आणि सात महिन्यांत तुला ती कोणी दाखवली नाही याचा मला राग येतो.

जावास्क्रिप्टचंही तसंच. दोन रकाने आणि एक बटण कर, दोन आकड्यांची बेरीज दाखव. ५ आणि ३ घाल. उत्तर येईल ५३. वजाबाकी कर, ती मात्र बरोबर २ येईल. इथे बहुतेक जण उत्तर शोधून एक तयार ओळ चिकटवतात आणि पुढे जातात. तू थांब. रकान्यातून येणारी किंमत ही नेहमी मजकूर असते, आणि अधिकचं चिन्ह मजकुराला मजकूर जोडतं. उण्याला मजकुरात काही अर्थ नाही, म्हणून ते आधी दोन्हींचे आकडे करून घेतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की आकड्यात बदलणारी ओळ तू का घालतेस ते तुला कोणी सांगावं लागणार नाही. जावास्क्रिप्ट १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत पहिल्यांदा उभी केली. तिचे काही स्वभाव विचित्र आहेत आणि ते आता बदलता येत नाहीत, कारण जगभरची पानं त्यांवर उभी आहेत. ते स्वभाव ओळखूनच काम करावं लागतं.

तू म्हणशील, एवढं खोदत बसलं तर पुढे कधी जायचं? हे मला आयुष्यभर ऐकावं लागलंय, म्हणून आता जे कुणाला सहसा सांगत नाही ते सांगते.

कामाला लागून दोन वर्षं झाली होती. एका व्यवसायासाठी मागणी नोंदवायचा फॉर्म करायचा होता. नाव, पत्ता नीट भरलाय का हे तपासणारी साठेक ओळींची तयार स्क्रिप्ट मिळाली, चिकटवली, माझं नाव इंग्रजीत घालून पाहिलं, चाललं. त्यात चौकोनी कंसांची एक ओळ होती. ती मी पाहिली होती, कळली नव्हती, आणि चालतंय ना म्हणून सोडून दिली. तीन आठवड्यांनी मालकांचा फोन आला की मागण्या कमी येताहेत. त्या ओळीत लिहिलं होतं की नावात फक्त ए ते झेड ही अक्षरं चालतील. देवनागरीत नाव लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाला माझं पान सांगत होतं, "तुमचं नाव चुकीचं आहे." तीन आठवडे. किती माणसं ते वाचून निघून गेली, ते कधीच कळणार नाही.

बैठकीत कोणीतरी त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, ही काय करते? मी म्हणाले, फाइल अपलोड करताना काहीतरी गडबड झाली असावी. फाइल अपलोड केली होती आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाने. तो माझ्याकडे बघत राहिला आणि काही बोलला नाही. बोलणी त्याने खाल्ली. काही महिन्यांनी तो दुसरीकडे गेला. मी त्याची माफी मागितली नाही, आणि आता मागायला तो सापडत नाही.

त्यानंतर मी हट्टी झाले. न वाचता एकही लायब्ररी पानात घेतली नाही. सहकारी पुढे गेले, मला हळू म्हणाले, हेकट म्हणाले, टीम सांभाळायचं काम माझ्याऐवजी दुसऱ्याला मिळालं. असू दे. ज्यांनी त्या काळी फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ दाखवणाऱ्या अ‍ॅडोबीच्या तंत्रावर) सगळं उभं केलं, त्यांच्या पायाखालून ३१ डिसेंबर २०२० ला ती जमीनच काढून घेतली गेली, आणि वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत सुरू केलेल्या पहिल्या संकेतस्थळाची जपलेली पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. साधे टॅग, साधा मजकूर. मी हळू होते, पण मी केलेली पानं आजही चालताहेत आणि त्यातली कोणतीही ओळ विचार, मी सांगेन. हे मी तुला पटवतेय की स्वतःला, ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण मी चुकले असं मला वाटत नाही.

आता तर सांगितलं की पानभर कोड लिहून देणारी साधनं आहेत. तू ती वापरतेस हे मला माहीत आहे, वापर. त्यांना विचार, समजावून घे, चूक शोधायला लाव. पण ज्या ओळीचा अर्थ तुला सांगता येत नाही, ती ओळ ठेवायची नाही. लिहून कोणी दिली याने काही फरक पडत नाही. मलाही ती साठ ओळींची स्क्रिप्ट कोणीतरी चांगल्या मनानेच लिहून दिली होती.

रंग, फॉन्ट, मांडणी, गिट, होस्टिंग यावर नंतर बोलू. आत्ता ते विचारलंस तर मी रागावेन. अडलीस तर एमडीएन हे वेबच्या भाषांची माहिती देणारं संकेतस्थळ उघड, तिथे प्रत्येक टॅगचं, प्रत्येक नियमाचं पान आहे. पुन्हा नव्या मालिकेकडे धावू नकोस.

ते टेम्प्लेट टाकून देऊ नकोस. बाजूला नवी कोरी फाइल उघड आणि त्यातली एकेक ओळ स्वतःच्या हाताने टाइप करत इकडे आण. कळली तर आण, नाही कळली तर तिथेच राहू दे. चाळीस ओळींचंच पान झालं तरी चालेल, कुरूप दिसलं तरी चालेल. शनिवारी रात्रीपर्यंत मला पाठव. रविवारी मी फोन करीन, कोणत्या तरी ओळीचा नंबर सांगेन आणि ती पुसली तर काय होईल ते विचारीन.

आणि फॉर्म केलास तर पहिलं नाव देवनागरीत भरून बघ.

तुझी,
ताई